गिलावा न केलेल्या इमारती

पायरी

बार्बिकनच्या भिंतीवर मी पहिल्यांदा हात टेकला तो थकून. लंडनमधल्या त्या अवाढव्य वसाहतीत रस्ता चुकले होते. तिथे सगळेच चुकतात. पाहुण्यांना वाट सापडावी म्हणून जमिनीवर चक्क पिवळी रेघ मारली होती, यावरून काय ते समजा. हात उचलला तर तळव्यावर खडीचे ठसे. लांबून नुसता राखाडी वाटणारा तो पृष्ठभाग जवळून पाहिला तर दाणेदार होता. प्रत्येक खडा वेगळा दिसत होता आणि वीतभर भिंत दुसऱ्या वीतभर भिंतीसारखी नव्हती.

नंतर वाचलं, तेव्हा उलगडा झाला. काँक्रीट पुरतं घट्ट झाल्यावर कामगारांनी हातात धरायच्या टोच्यांनी वरचा सिमेंटचा पापुद्रा टोचून टोचून काढला होता, आतली खडी उघडी पडावी म्हणून. तीन उंच मनोरे, सुमारे २,००० घरं, जिने, पूल, कठडे, आणि जिथे काँक्रीट नजरेला पडतं तिथे जवळपास सगळीकडे हे टोचणं! चेंबरलिन, पॉवेल आणि बॉन या वास्तुविशारद त्रिकुटाची ही इमारत ‘यंत्रासारखी’ म्हणून ओळखली जाते. मला मात्र इतकी हाताने केलेली मोठी वास्तू दुसरी आठवेना.

तिथून नाद लागला. म्हणून हा धागा.

उघड्या काँक्रीटच्या या शैलीला ब्रुटालिझम म्हणतात. आधी त्या नावाचा गोंधळ निस्तरते. ब्रुटालिझमचा ‘ब्रूटल’शी, म्हणजे क्रौर्याशी, मुळात संबंध नाही. फ्रेंचमध्ये ‘बेतों ब्र्यू’ म्हणजे कच्चं काँक्रीट, साच्यातून निघालं तसंच ठेवलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गिलावा न केलेलं. गंमत म्हणजे १९५०च्या सुमारास स्वीडनमध्ये हान्स आस्प्लुंड या वास्तुविशारदाने हा शब्द पहिल्यांदा वापरला तो सहकाऱ्यांची फिरकी घ्यायला, आणि ज्या घरावरून वापरला ते उप्सालातलं घर चक्क विटांचं होतं. तो शब्द इंग्लंडात पोचला, ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुविशारद जोडप्याने उचलला, आणि १९५५ मध्ये समीक्षक रेनर बॅनहमने त्यावर निबंध लिहून त्याचं बारसं पक्कं केलं. बॅनहमने ज्या शाळेचं कौतुक केलं ती स्मिथसन जोडप्याचीच हन्स्टंटनची शाळासुद्धा पोलाद, वीट आणि काचेची. म्हणजे ‘जे आहे ते झाकू नका’ हा मूळ आग्रह. काँक्रीट मागाहून त्यात शिरलं आणि घर बळकावून बसलं.

काँक्रीटची गंगोत्री मात्र फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची ‘युनिते दाबितासिऑं’, १९४७ ते १९५२. ३३७ घरं एकाच इमारतीत, मधल्या मजल्यावर दुकानांची गल्ली, गच्चीवर मुलांची शाळा. सांगाडा पोलादी करायचा विचार होता, पण युद्धानंतर पोलाद मिळेना. मग काँक्रीट. काम वेगवेगळ्या ठेकेदारांच्या हातून झालं, दर्जा जागोजागी निराळा. फळ्यांच्या गाठी, सांधे, ओघळ, सगळं भिंतीवर उमटलं. लपवायला गेलं तर ठिगळं दिसली असती. कॉर्बुझिएने ते राहू दिलं आणि वर ते सौंदर्य असल्याचंही ठासून सांगितलं. नाइलाजाला तत्त्वज्ञान कसं चिकटवावं, हे या गृहस्थांकडून शिकावं.

तुम्ही पाहिलेल्या, आवडलेल्या, न आवडलेल्या इमारतींबद्दल लिहा. ‘छान आहे’ एवढ्यावर मात्र थांबू नका.

कोरडा_विनोद

न आवडलेल्यांपासून सुरू करतो. बॉस्टन सिटी हॉल.

उलटा ठेवलेला पिरॅमिड, वर काँक्रीटच्या कप्प्यांची रांग, समोर विटांचं एक मैदान जिथे थंडीत वारा माणसाला ढकलत नेतो. १९६२च्या स्पर्धेत २५६ प्रवेशिका आल्या होत्या. त्यांतून ही निवडली, १९६८ मध्ये पूर्ण केली आणि तेव्हापासून शहर पस्तावतंय. जगातल्या कुरूप इमारतींच्या याद्यांत हिचं नाव कायमचं. २००६ मध्ये तर खुद्द महापौरांनीच ती विकून दुसरीकडे जायचा प्रस्ताव मांडला. नागरिकाला आत येताना आपण शरण जातोय असं वाटावं, अशी नगरपालिका कशाला बांधायची?

हाताने टोचली काय नि यंत्राने ओतली काय, बंकर तो बंकर.

पायरी

@कोरडा_विनोद, अर्धी गोष्ट सांगितलीत. त्याच इमारतीला जानेवारी २०२५ मध्ये शहराने वारसा वास्तूचा दर्जा दिलाय. आता पस्तावायचं तरी सांभाळून.

मैदानाबद्दल सहमत. वाऱ्याबद्दल तर दुप्पट सहमत.

सळई

इतकी वर्षं साइटवर घालवली आहेत, म्हणून थोडं आतलं सांगते.

उघड्या काँक्रीटची इमारत आर्किटेक्टची म्हणून ओळखली जाते, पण तिचा चेहरा ठरवतो सुतार. साध्या कामात शटरिंग (काँक्रीट ओतायचा लाकडी साचा) कसंही असलं तरी चालतं, वरून गिलावा सगळं पोटात घेतो. इथे तसं नाही. फळीचा रेषा, खिळ्याचं डोकं, दोन फळ्यांमधली केसाएवढी फट, सगळं भिंतीवर कायमचं छापलं जातं. फटीतून सिमेंटचं पाणी गळालं की तिथे नुसती वाळू आणि खडी उरते, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडते. ओलं काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर कमी फिरला तर हवेचे फुगे, जास्त फिरला तर खडी तळाला. दुपारी जेवायला थांबलात आणि मधल्या वेळात आधीचा थर आवळला, तर आडवी रेघ. ती रेघ पुढची पन्नास वर्षं सांगणार की त्या दिवशी इथे काम थांबलं होतं.

लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये (डेनिस लॅस्डन, १९७६) आतल्या भिंती जवळून बघा. डग्लस फर लाकडाच्या खरबरीत फळ्यांचे साचे केले होते, त्यामुळे काँक्रीटवर लाकडाचे रेषे अन् रेषे उठलेत. दिव्याचा तिरपा उजेड पडला की भिंत लाकडाची वाटते. १९८८ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स म्हणाले होते, लंडनच्या मध्यभागी कुणाची हरकत न येता अणुवीज केंद्र उभारायची ही हुशार युक्ती आहे. ते बहुधा लांबून बोलले.

पॉल रूडॉल्फने येल विद्यापीठातल्या वास्तुकला विभागाच्या इमारतीत (१९६३) याच्याही पुढची पायरी गाठली. उभ्या पट्ट्यापट्ट्यांच्या साच्यात भिंत ओतायची, म्हणजे तिच्यावर कॉर्डरॉय कापडासारख्या धारा येतात. मग कामगारांनी हातोडा घेऊन त्या धारा एकेक करून फोडायच्या. आधी नीट करायचं आणि मग मोडायचं! पण त्यामुळे भिंत उन्हात मऊ दिसते आणि पावसाचे ओघळही त्या खाचांमध्ये जिरून जातात. चुकून खांदा घासलात तर शर्ट गेला.

आता दुसरी बाजू. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२ ते १३. त्यात सळई सुरक्षित असते, तिच्यावर एक पातळ संरक्षक थर धरतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत झिरपतो, सामू उतरत जातो, आणि तो सळईपर्यंत पोचला की थर जातो. मग ओल मिळाली की गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट ताणाला कच्चं. भेग, मग पोपडा, मग तुकडा खाली. वॉशिंग्टनमधल्या एफबीआयच्या मुख्यालयाला (१९७५) तुकडे रस्त्यावर पडू नयेत म्हणून जाळ्या बांधायची वेळ आली होती. त्या काळात सळईवरचं काँक्रीटचं कव्हर बऱ्याच ठिकाणी तुटपुंजं ठेवलं गेलं. वर गिलावा नाही, रंग नाही. म्हणजे उघडं काँक्रीट स्वस्त आणि बिनदेखभालीचं हा जो समज होता, तोच या इमारतींच्या मुळावर आला.

घारू

सळईताई, पोपड्यांवरून आमचं कॉलेज आठवलं. नाव घेत नाही. उघड्या काँक्रीटची चार मजली इमारत, सपाट गच्च्या, भिंतीच्या बाहेर झेपावणारे वर्ग. बक्षीस मिळालेली. पावसाळ्यात आमच्या स्टुडिओत सात बादल्या असत आणि कुठली बादली कुठे ठेवायची हे सीनियर ज्युनियरला शिकवत. ड्रॉइंग बोर्ड ओलाव्याने वाकडे होत. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: इमारत जगप्रसिद्ध आहे.

म्हणून रूडॉल्फचं नाव आलं की मी थोडा सावरून बसतो. न्यूयॉर्क राज्यातल्या गोशेन गावी त्याने सरकारी कचेऱ्यांची इमारत बांधली होती. एकावर एक सरकवलेले ठोकळे, फोटोत अप्रतिम. छपरं किती? ८७. एका इमारतीला ८७ छपरं! गळणार नाही तर काय होणार? वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि २०१५ मध्ये तिचा मोठा भाग पाडला. पाडला याचं वाईट वाटतंच. पण बादल्या ठेवणाऱ्याचंही कुणीतरी ऐकायला हवं होतं.

उंबरठा

सगळे लंडन-अमेरिकेतच फिरताय. जरा साओ पावलोला या.

युरोपात हे काँक्रीट गंभीर चेहऱ्याने वावरतं, ब्राझीलमध्ये ते पाय पसरून बसतं. तिथल्या विद्यापीठाची वास्तुकला शाळा व्हिलानोव्हा आर्तिगासने १९६१ मध्ये आखली आणि १९६९ मध्ये ती पूर्ण झाली. काँक्रीटची एक प्रचंड पेटी, टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या खांबांवर टेकलेली, आणि तिला प्रवेशद्वारच नाही. दार लहान आहे असं नव्हे, दार नाहीच. चारी बाजूंनी आत या. जिन्यांऐवजी लांबलचक उतार, वरून छतातल्या चौकटींतून उजेड. पुढे लष्करी राजवटीत खुद्द आर्तिगासलाच तिथे शिकवायला बंदी झाली, दार नसलेल्या शाळेत.

आणि लीना बो बार्दी! तिच्या ‘मास्प’ संग्रहालयाची (१९६८) पेटी ७४ मीटर अंतरावरच्या टेकूंवर लोंबकळते आणि खालची जागा शहराला मोकळी. सभा, बाजार, मोर्चे, सगळं त्या सावलीत. पण माझं मन तिथल्याच सेस्क पोंपेया या केंद्रात. जुना पिंपांचा कारखाना पाडून क्रीडा केंद्र करायचं होतं. ती पाहायला गेली तर सुट्टीच्या दिवशी माणसं, मुलं आधीच त्या शेडमध्ये रमलेली. तिने कारखाना ठेवला आणि शेजारी काँक्रीटचे मनोरे उभे केले. एका मनोऱ्यात खेळाची मैदानं एकावर एक, दुसऱ्यात जिने आणि कपडे बदलायच्या खोल्या, मधे आठ उघडे पूल. म्हणजे खेळायला जाताना हवेतून चालत जायचं, भिजत भिजत सुद्धा. खिडक्या म्हणजे गुहेच्या तोंडासारखी वेडीवाकडी भोकं, त्यांना काच नाही, लाल लाकडी जाळी सरकवायची.

@कोरडा_विनोद, या बंकरमध्ये पोरं फुटबॉल खेळतात.

कोरडा_विनोद

पोंपेया मान्य. फोटो पाहिले, हरलो.

पण माझा मुद्दा राहू द्या, कारण तो मुळात सौंदर्याचा नाहीच. आपण इथे संग्रहालयं आणि नाट्यगृहं बघतोय. या शैलीचा खरा पसारा होता सरकारी घरांचा, आणि तिथे राहणाऱ्याला निवड नव्हती. स्मिथसन जोडप्याचं रॉबिन हूड गार्डन्स घ्या. लंडन, १९७२. ‘आकाशातले रस्ते’ म्हणून रुंद गॅलऱ्या, शेजाऱ्यांनी तिथे गप्पा माराव्यात ही कल्पना. पुढे दुरवस्था झाली. वारसा दर्जा नाकारला गेला आणि २०१७ पासून ते पाडायला घेतलं. त्याचा तीन मजली तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जपला, आणि २०१८ मध्ये त्याचे भाग व्हेनिसच्या प्रदर्शनात उभे केले. राहणारे गेले, गॅलरी प्रदर्शनात. मला हे विनोदापेक्षा जास्त काहीतरी वाटतं.

वास्तुविशारद एर्नो गोल्डफिंगरने लंडनमधला बाल्फ्रन टॉवर बांधून झाल्यावर बायकोसह सर्वांत वरच्या मजल्यावर मुक्काम ठोकला आणि भाडेकरूंच्या तक्रारी ऐकल्या, त्याचं कौतुक होतं. किती दिवस राहिला? दोन महिने.

पायरी

दोन महिने राहिला, हे बाकीच्यांपेक्षा दोन महिने जास्त.

आणि त्याचा उपयोगही झाला. तिथे लिफ्टबद्दल जे ऐकलं त्यातलं बरंच त्याने ट्रेलिक टॉवरच्या (१९७२, ३१ मजले) कामात वापरलं. लिफ्ट आणि पाइपांचा मनोरा बाल्फ्रनसारखाच घरांपासून वेगळा, मधे पूल, दर तिसऱ्या मजल्यावर एक. लिफ्टचा खडखडाट झोपायच्या खोलीपर्यंत येत नाही. तरी सुरुवातीची वर्षं ट्रेलिक बदनाम होता: अंधारे जिने, बंद लिफ्ट, मारामाऱ्या. पुढे रहिवाशांनी संघटना केली, खाली दरवान बसला, दाराला कुलूप आलं. १९९८ मध्ये तो संरक्षित झाला आणि आज तिथल्या घरांसाठी लोक धडपडतात. काँक्रीट तेच होतं हो. बदलला तो दरवान.

बार्बिकनला पहिल्यापासून दरवान होते. तिथली घरं मुळात बऱ्यापैकी कमावत्या भाडेकरूंसाठी होती.

कोरडा_विनोद

हे शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे, लक्षात आलं का?

पायरी

आलं. म्हणूनच लिहिलं.

उंबरठा

त्यात शेफील्डच्या पार्क हिलची भर घाला. १९६१ची ती वसाहत, गॅलऱ्या इतक्या रुंद की दुधाची गाडी घरापर्यंत यायची. तीसुद्धा रसातळाला गेली, १९९८ मध्ये संरक्षित झाली, मग दुरुस्तीत काँक्रीटचा सांगाडा ठेवून मधल्या विटा काढल्या आणि रंगीत ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. दिसतं झकास. मूळचे किती भाडेकरू परत आले, हा प्रश्न मात्र कुणी कौतुकाच्या लेखात विचारत नाही.

निळी_खिडकी

मी फक्त वाचतेय, पण व्हिएन्नाचं वोत्रुबा चर्च कुणी काढलंच नाही म्हणून आले. १५२ काँक्रीटचे ठोकळे, एकावर एक रचलेले, एकही बाजू दुसरीसारखी नाही, आणि ठोकळ्यांच्या मधे जी फट उरली तिथे काच. फ्रिट्झ वोत्रुबा हा शिल्पकार, आर्किटेक्ट नव्हे. १९७६ मध्ये ते पूर्ण झालं आणि तो १९७५ मध्येच गेला.

बाहेरून दगडांचा ढीग वाटतो. आत बसल्यावर फटींतून झाडं दिसतात.

नकाशा_उलटा

ढाक्याचं संसद भवन राहिलं. मी तिथे एक दुपार काढली आहे आणि त्यानंतर उघड्या काँक्रीटला ‘थंड’ म्हणायचं सोडलं.

लुई कानला हे काम १९६२ मध्ये मिळालं, तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. पूर्ण झालं १९८२ मध्ये, बांगलादेशात. मधे युद्ध झालं, देश बदलला, १९७४ मध्ये कान वारला, काम चालूच. भोवती पाणी आणि त्यातून उठलेल्या काँक्रीटच्या भिंती, त्यांत अवाढव्य गोल आणि त्रिकोण कापलेले. खरी खिडकी त्या भोकाच्या मागे खोल आत, म्हणजे ऊन आणि पाऊस बाहेरच्या भिंतीवर थांबतो.

सळई यांनी वर जी आडवी रेघ सांगितली, तिचं उत्तर इथे पाहायला मिळतं. बांबूच्या पराती बांधलेल्या, माणसं डोक्यावरून पाट्या वाहून नेणार, एका वेळेला साधारण पाच फूट उंचीच भरली जायची. मग सांधा येणारच. कानने तो लपवला नाही. प्रत्येक पाच फुटांवर पांढऱ्या संगमरवराची पट्टी बसवली. लांबून ती नक्षी वाटते. प्रत्यक्षात तो कामाच्या टप्प्यांचा हिशोब आहे, भिंतीवर लिहिलेला. मी एका जागी उभा राहून पट्ट्या मोजायला लागलो, वरपर्यंत पोचायच्या आत मान दुखली.

सळई

वा! हे मी शिकवताना सांगणार. सांधा लपत नसेल तर त्याला मानाचं स्थान द्या, ही साइटवरची जुनी अक्कल आहे. पण ती संगमरवरात करायला कानच हवा.

‘बांबूच्या पराती’ म्हणजे पराती नव्हे, परांची. माझ्यातली मास्तरीण गप्प बसत नाही.

नकाशा_उलटा

परांचीच. मोबाइलने मला जेवायला बसवलं.

घारू

भारताचं काय? कॉर्बुझिएचाच चंदीगडचा कॅपिटॉल २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, मार्सेयच्या बरोबरच. तिथली विधानसभा म्हणजे छतातून वर आलेला, वीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्यासारखा आकार. सगळे तिचे फोटो काढतात.

मला सल आहे तो दिल्लीच्या हॉल ऑफ नेशन्सचा. राज रेवल आणि अभियंते महेंद्र राज, १९७२. असा त्रिमितीय जाळीचा सांगाडा जगात पोलादी नळ्यांचा करतात. आपल्याकडे पोलाद महाग, म्हणून त्यांनी तोच जागेवर काँक्रीटमध्ये ओतला. प्रत्येक सांध्यावर कितीतरी दांडे वेगवेगळ्या कोनांतून येऊन मिळणार, तिथे सळया कशा बसवायच्या याचाच विचार करून डोकं फिरतं. पुन्हा पोलाद नाही म्हणून काँक्रीट, म्हणजे मार्सेयचीच कथा, पण इथे नाइलाजातून नवं तंत्र निघालं. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त. न्यायालयात लढाई चालू होती, वारसा समितीचा नियम असा की वास्तू ६० वर्षांची हवी. ती ४५ची होती.

गळणाऱ्या कॉलेजबद्दल एवढं रडलो, पण ही गळत नव्हती.

कोरडा_विनोद

वय कमी म्हणून वारसा नाही, आणि वारसा नाही म्हणून वय वाढलंच नाही. इथे मी तुमच्या बाजूने.

सळई

पाडण्याइतकाच मला रंगाचा राग येतो. वॉशिंग्टनच्या मेट्रोची स्थानकं हॅरी वीझने आखली, १९७६ पासून सुरू. जमिनीखाली काँक्रीटची कमान, तिच्यात चौकोनी खोलगट कप्पे, खालून वर फेकलेला मंद उजेड. २०१७ मध्ये युनियन स्टेशनच्या कमानीला पांढरा रंग मारला. कारण दिलं, अंधार वाटतो. लोक खवळले, वास्तुविशारद खवळले. अंधारावर दिवा हा उपाय असतो. आणि एकदा रंग मारलात की दर काही वर्षांनी मारत बसा, कच्चं काँक्रीट परत मिळत नाही.

निळी_खिडकी

एक बाळबोध प्रश्न विचारू? कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या फोटोंत (तीही कानचीच ना?) भिंतींवर समान अंतरावर गोल भोकं दिसतात, बोटाएवढी. जपानच्या तादाओ आंदोच्या इमारतींतही तशीच. ती कशासाठी? हवा खेळायला?

सळई

बाळबोध अजिबात नाही. साच्याच्या दोन बाजू ओल्या काँक्रीटच्या दाबाने फाकू नयेत म्हणून आरपार दांडे घालून त्या आवळतात. साचा काढला की दांड्याचं भोक उरतं. एरवी ते बुजवून वर गिलावा करतात. साल्कमध्ये (हो, कानचीच, १९६५) त्याने भोकं कुठे येतील ते आधी आखलं आणि नंतर त्यांत शिशाची बुचं बसवली. फळ्यांच्या सांध्यांतून काँक्रीट ओघळतं तेही त्याने पुसलं नाही. सांध्याला कोन देऊन त्याची नीट उठावाची रेघ करून घेतली.

निळी_खिडकी

म्हणजे ज्याला मी इतके दिवस नक्षी समजून फोटो जमवत होते, ती पकड होती. थांबा, सगळे फोटो पुन्हा उघडते.